अठ्ठाविसाचे सतरा

माणसाने मापात मार खाऊ नये, आणि खाल्लाच तर निदान तो माणूस वजनमापे खात्याचा निरीक्षक नसावा. मी तोच आहे. तेवीस वर्षं मी दुकानोदुकानी तराजू तपासत हिंडतोय. मला बघून वाण्याचं बोट आपोआप पारड्यावरून उठतं. अशा माणसाच्या दारात एक गाडी येऊन उभी राहते आणि रोज लिटरमागे अकरा किलोमीटर गिळून टाकते, ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती.

गाडी हायब्रिड होती. म्हणजे पेट्रोलवर चालायची, मधूनमधून बॅटरीवर चालायची, आणि केव्हा कशावर चालायचं ते तिचं ती ठरवायची. त्याबद्दल ती कुणाला विचारत नसे. सरकारी खात्यात इतकी वर्षं काढल्यावर मला त्याचं काही वाटलं नाही. मला भुलवलं ते काचेवरच्या स्टिकरने. त्यावर लिहिलं होतं, एका लिटरला २८.४ किलोमीटर. नुसतं अठ्ठावीस असतं तर मी शंका घेतली असती. पण दशांश चिन्हाच्या पुढे चार होते. ज्याने एवढे चार शोधून काढले त्याने आधीचे अठ्ठावीस नीटच मोजले असणार, अशी माझी धंद्यातली श्रद्धा.

गाडी आली त्या दिवशी इमारतीतले सगळे खाली जमले. तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सल्लागार म्हणतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला बुटाने टोचून पाहिलं आणि विचारलं, "किती देते?"

"अठ्ठावीस पूर्णांक चार," मी म्हणालो. गाडी तोवर शोरूमपासून घरापर्यंत, म्हणजे नऊ किलोमीटर चालली होती.

उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते हेच. महिन्याभराने मी नीट हिशोब केला तेव्हा उत्तर आलं सोळा पूर्णांक नऊ. पुन्हा केला. तेच. पेन बदलून केला, तरी तेच. सल्लागारांची पंधरा वर्षांची जुनी गाडी, जिचं मागचं दार दोरीने बांधलेलं आहे, ती अठरा देते. हे ते रोज सकाळी जिन्यात सांगत. नंतर विचारत, तुमची किती म्हणालात? मी म्हणे, मोजतोय.

बायको शाळेत भूगोल शिकवते. तिला आकडा सांगितला तर ती म्हणाली की आपलं घर टेकडीवर आहे, ऑफिस पायथ्याशी आहे, अंतर अडीच किलोमीटर आहे, तर गाडी आणखी काय करणार? मी म्हटलं, स्टिकरवर टेकडीचा उल्लेख नाही. ती म्हणाली, स्टिकरवर तुमचाही नाही. भूगोल शिकवणाऱ्या माणसाशी चढउतारांवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

शेवटी मी सल्लागारांना विश्वासात घेतलं. ही चूक होती, पण मी रोज टाकीचं झाकण उघडून आत डोकावतो, ते त्यांना तिसऱ्या मजल्यावरून दिसत होतंच. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? त्यांनी ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले की गाडी वजनाने मरते. आधी वजन काढा.

मग वजन काढलं. डिकीतून जॅक निघाला, पाने निघाले, छत्र्या निघाल्या, बायकोचे गुंडाळलेले नकाशे निघाले. सुटं चाक निघालं आणि आमच्या पलंगाखाली गेलं. सल्लागार म्हणाले एसी बंद, म्हणून एसी बंद केला. खिडक्या उघडल्या तर ते म्हणाले, हवा आत शिरून गाडीला मागे खेचते. म्हणून खिडक्याही बंद केल्या. टायरमध्ये इतकी हवा भरली की रस्त्यावरचा खडा डावा की उजवा हे बसल्या जागी कळावं. अशा तऱ्हेने मी आणि बायको आठवडाभर एका बंद, गरम, टणक डब्यातून ताशी तिसाच्या वेगाने हिंडलो. मागच्या गाड्यांची रांग इतकी लांब असे की एकदा एका माणसाने खिडकीशी येऊन, कुणी मोठा माणूस चालला आहे का, अशी अदबीने चौकशी केली.

त्या आठवड्याचा आकडा आला सतरा पूर्णांक तीन.

त्याच शनिवारी बायकोच्या मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप समारंभ होता. भाषण बायको करणार होती, आठ दिवस पाठ करत होती. अर्ध्या वाटेत टायर फुटला. इतकी हवा भरल्यावर तो याहून वेगळं काय करणार होता? बायको शांतपणे म्हणाली, सुटं चाक काढा. मी म्हणालो, ते पलंगाखाली आहे. ती खाली उतरली, घामेजलेली साडी सारखी केली, समोरून येणाऱ्या पहिल्या रिक्षात बसली आणि गेली. माझ्याकडे बघून रागावली असती तर बरं वाटलं असतं. मी दोन तास त्या गाडीपाशी उभा होतो. इतक्या वेळात गाडीने एक थेंबही पेट्रोल खाल्लं नाही, एवढाच काय तो दिलासा.

इथे थांबलो असतो तर गोष्ट घरातच राहिली असती. पण माझ्या मनाने घेतलं की दोष गाडीत नसून मोजण्यात असेल. पंप दर वेळी वेगळ्या जागी थांबतो, मग हिशोब कसा जमणार? टाकी एकदा काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं मावलं तेवढं जळलं. यात खोट काढायला जागा नाही. फक्त टाकीच्या कोपऱ्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतात, ते बाहेर काढण्यासाठी गाडी हलवावी लागते. हे सल्लागारांनी सांगितलं, आणि हलवायला ते स्वतः आले.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही पंपावर गेलो. नळी टक करून बंद झाली की सल्लागार एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने गाडी झुलवायचो, मग पुन्हा थोडं पेट्रोल मावायचं. बायको समारंभानंतर पहिल्यांदाच गाडीत बसली होती आणि उतरायला तयार नव्हती. ती आत वर्तमानपत्र वाचत डावीकडे-उजवीकडे होत होती. चौथ्या झुल्याला पेट्रोल उसळून माझ्या बुटात गेलं.

पंपाचे मालक काचेच्या खोलीतून हे सगळं पाहत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पंपाची एक नळी मीच सील केली होती, त्यामुळे माझा चेहरा ते विसरणं शक्य नव्हतं. आता तोच निरीक्षक रविवारी, साध्या कपड्यांत, एका अनोळखी साहाय्यकाला आणि वर्तमानपत्राआड लपलेल्या एका बाईला घेऊन येतो आणि गाडी हलवू हलवू पेट्रोल मोजतो, याचा त्यांनी जो अर्थ लावला तो त्यांच्या जागी मीही लावला असता. त्यांनी सगळ्या नळ्या बंद करवल्या. दाराला दोरी लावली. पाच लिटरचं तपासणीचं माप, तीन वर्षांच्या वह्या आणि थंड पेयाच्या तीन बाटल्या घेऊन ते धावत आले.

मी सांगत होतो की मी खासगी कामाने आलोय. ते म्हणत होते, हो साहेब, तसंच लिहून घेऊ. मी जितकं नाकारलं तितका त्यांचा संशय पक्का होत गेला. मागे तीस गाड्या आणि एक बस अडकली. बसचा ड्रायव्हर उतरून वह्या वाचायला लागला. अशात सल्लागारांच्या कमरेत उसण भरली आणि ते गाडीला टेकून तसेच वाकलेले राहिले.

सोमवारी माझ्या टेबलावर मेमो होता. "कार्यालयीन वेळेबाहेर, साध्या वेषात, अनधिकृत व्यक्तीच्या साहाय्याने व वाहन हलवून केलेल्या तपासणीबाबत खुलासा करावा." वाहन हलवून या शब्दांखाली रेघ होती.

आमच्या मॅडम कडक असल्या तरी माणूस सरळ. त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "तुम्ही गाडी हलवत होता?"

"हो."

"का?"

"बुडबुडे, मॅडम."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या की मला तुमच्यावर विश्वास आहे, पण फाइलला नाही. पंपवाल्यांच्या संघटनेचं पत्र आलंय. गाडीत खरोखर काही तांत्रिक तक्रार होती आणि तुम्ही तिच्यापायी गेला होता, असा कंपनीचा लेखी अहवाल पंधरा दिवसांत आणा. नाही आणलात तर ही नोंद सेवापुस्तकात जाईल. तेवीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एकच वेडावाकडा शेरा आहे, तोही एका कारकुनाचा चहा सांडल्यामुळे. मी जागेवरून उठलो तो थेट कंपनीकडे तक्रार करायलाच.

तक्रार संगणकावर नोंदवायची होती. प्रकार निवडा, असं त्यात म्हटलं होतं. आवाज, कंप, वास, गळती. "सांगितल्यापेक्षा कमी" असा प्रकार नव्हता. काहीतरी निवडल्याशिवाय यंत्र पुढे जाईना, म्हणून मी वास निवडला आणि खाली सविस्तर खुलासा लिहिला. खुलासा कुणी वाचला नाही. तिसऱ्या दिवशी एक सभ्य मनुष्य आला. तो गाडीत बसला आणि पंधरा मिनिटं सगळे कोपरे हुंगून निघाला. मी पेट्रोलने भिजलेले बूट मागच्या सीटखाली ठेवले होते. ते बाहेर काढून त्याने माझ्या हातात दिले आणि कागदावर लिहिलं, "वासाचे कारण दूर केले. तक्रार निकाली." निकाली निघालेली तक्रार पुन्हा उघडायला वेगळा अर्ज लागतो, आणि तो अर्ज मागायला आणखी एक. यावर मला फार बोलता येत नाही, कारण हीच पद्धत आमच्या खात्यातही आहे आणि तिचा मसुदा मी केलेला आहे.

अकराव्या दिवशी संयुक्त चाचणीची तारीख मिळाली. कंपनीचा एक चालक, मी, आणि माझ्या बाजूचा एक परवानाधारक साक्षीदार. तिघांनी तीच गाडी त्याच चाळीस किलोमीटरच्या रस्त्यावर आळीपाळीने चालवायची. साक्षीदार म्हणून सल्लागार ठरले होते, पण त्यांची कंबर अजून पंपावरच होती. इमारतीत सकाळच्या वेळी मोकळे आणि परवाना असलेले दुसरे गृहस्थ एकच निघाले, तळमजल्यावरचे काका. ते कमी बोलत. आरोग्य खात्यातून निवृत्त झालेत एवढंच आम्हाला माहीत होतं. गाडी आली त्या दिवशीही ते दारात उभे राहून नुसते हसले होते. मी विचारलं तर म्हणाले, येतो की.

कंपनीची चालक म्हणजे एक तरुण इंजिनीअर बाई होती. तिने टाकीशेजारी एक मोजणीचं यंत्र जोडलं. ते यंत्र मी कागदपत्रांसह तपासलं. चोख होतं. प्रथम ती बसली आणि चाळीस किलोमीटरनंतर आकडा आला चोवीस पूर्णांक एक. मला आनंद झाला. स्वतः कंपनीला अठ्ठावीस काढता येत नाहीत. आता माझा अहवाल पक्का.

नंतर मी चालवली. सगळी काळजी घेतली. एकोणीस पूर्णांक दोन.

मग काका बसले. त्यांनी सीट सरळ केली, आरसा पुसला आणि गाडी निघाली. निघाली हे मला खिडकीबाहेरची झाडं सरकायला लागल्यावर कळलं. ते सावकाश चालवत नव्हते, सगळ्यांबरोबरच जात होते. पण लांबवर लाल दिवा दिसला की त्यांचा पाय आधीच उचललेला असे, आणि गाडी आपली आपण मंदावत दिव्यापाशी पोचेपर्यंत बहुधा तो हिरवा झालेला असे. ब्रेक त्यांनी लावला असेल तर मला दिसला नाही. आकडा आला पंचवीस पूर्णांक सहा.

इंजिनीअर बाईने यंत्र दोनदा तपासलं. मग तिने काकांना विचारलं, तुम्ही आधी काय चालवत होता?

"शववाहिका," काका म्हणाले. "एकतीस वर्षं. आतल्याला घाई नसायची आणि मागचे पायी यायचे. झटका बसलेला कुणालाच चालत नसे."

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, पण सोनार आपल्याच तळमजल्यावर राहतो हे आधी कळायला हवं ना.

मग त्या मुलीने मला खुर्ची दिली. हे मी मुद्दाम सांगतोय. दोष सापडला की मी दुकानदाराला कधी खुर्ची दिलेली नाही. ती म्हणाली की गाडी थांबताना जो जोर फुकट जातो, तो ही गाडी बॅटरीत भरून ठेवते. पण हळूहळू थांबलात तरच. तुम्ही शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक दाबता, मग तो जोर नुसता चाकांत तापून जातो. तुमचा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा चालतो, काका. त्यात रोजचा प्रवास अडीच किलोमीटरचा. इंजीन गरम होऊन नीट कामाला लागेपर्यंत तुम्ही ऑफिसला पोचलेले असता. येताना सगळा चढ. सतरा येतात हेच पुष्कळ.

त्या सगळ्यात ती मलाही 'काका' म्हणाली हेच जास्त लागलं. तरी मी विचारलं, मग ते अठ्ठावीस पूर्णांक चार आले कुठून?

ती म्हणाली की ते बंद खोलीत, जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर चाकं फिरवून मोजलेले असतात. तिथे वारा नसतो, चढ नसतो, एसी नसतो. ठरलेल्या तापमानात, ठरलेल्या वेगाने सगळ्या गाड्या एकसारख्या तपासतात. कुठली गाडी कुणापेक्षा बरी हे कळावं म्हणून. तुम्हाला किती मिळतील ते त्यावर लिहिलेलं नसतं, साहेब.

यावर मला रागवायचं होतं, आणि जमलं नाही. आमच्या ऑफिसात लोखंडी कपाटात मखमलीच्या डब्यात एक किलोचं प्रमाण वजन आहे. त्याला उघड्या हाताने कुणी शिवत नाही. खोलीचं तापमान लिहून ठेवल्याशिवाय डबा उघडत नाही. त्या वजनाने आजवर कुणी पावशेर डाळ मोजलेली नाही, आणि म्हणून ते खोटं आहे असं मला तेवीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. दुकानातलं वजन झिजतं, पारड्याला चिकट लागतं, पंख्याचा वारा लागतो, हे मीच लोकांना समजावत आलोय.

अहवालात एक रकाना होता. फरकाचे कारण. त्यात तिने तीन गोष्टी लिहिल्या: कमी अंतर, चढ आणि चालकाची पद्धत. खाली मालकाची सही हवी होती. मी आजवर शेकडो लोकांच्या सह्या घेतल्या. सही करताना ते सगळे एकदा पेनाकडे का बघतात, ते मला त्या दिवशी समजलं. काकांनी तेवढ्यात खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, हा त्यांचा मोठेपणा. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण बायकोने त्या संध्याकाळी उच्चारली नाही, हा तिचा. मी तिला अहवाल वाचायला दिला. तिने पूर्ण वाचला आणि त्या शनिवारनंतर पहिल्यांदा स्वतःहून समारंभाबद्दल बोलली. रिक्षातून उशिरा पोचली होती, पाठ केलेलं अर्धं विसरली होती, आणि त्यामुळे जे सुचलं ते बोलली. मुख्याध्यापिकाबाई रडल्या म्हणे. मी सुटं चाक पलंगाखालून ओढून काढलं आणि डिकीत ठेवून आलो.

मॅडमनी अहवाल फाइलला लावला. वाचताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण शेरा त्यांनी सरळ लिहिला: "खुलासा मान्य." पंपाच्या मालकांना मी स्वतः जाऊन भेटलो आणि सांगितलं की गैरसमज माझ्यामुळे झाला. त्यांचा अजूनही विश्वास बसलेला नाही. पण त्यांच्या पंपाचं माप तेव्हापासून इतकं बिनचूक आहे की आमच्या खात्याने त्यांचं उदाहरण द्यावं.

ऑफिसला मी आता पायी जातो. अडीच किलोमीटर उताराचे म्हणजे काहीच नाही, येताना चढ आहे, पण तो माझा मला मोजता येतो. गाडी सुट्टीच्या दिवशी निघते. सुरुवातीचे दोन महिने काका शेजारी बसायचे. शिकवणं असं नाही, नुसतं पुढे बघत म्हणायचे, "तो हिरवा आता जाणार." आणि मी पाय उचलायचो. झटका बसला की ते फक्त मागच्या सीटकडे वळून बघत. तिथे कुणी नसे, तरी मला शरम वाटे. आकडा हळूहळू एकवीस झाला, बावीस झाला. मग केव्हातरी मी हिशोबाची वही घरी विसरलो आणि पुन्हा नेली नाही.

परवा मी आणि बायको तिच्या बहिणीकडे निघालो होतो, तासाभराचा रस्ता. एसी चालू होता, डिकी भरलेली होती. सहामाहीच्या उत्तरपत्रिका उरल्या होत्या म्हणून बायकोने गठ्ठा मांडीवर घेतला आणि लाल पेन काढलं. पूर्वी माझ्या गाडीत तिला पाण्याचा घोट घेता येत नसे. आता ती रेघा मारत होती, गुण लिहीत होती, मधूनच एखाद्या उत्तराला हसत होती. गावाबाहेरच्या चौकात लांबलचक लाल दिवा लागला. पुढे ट्रक, मागे ट्रक. तिने एक पेपर संपवला, दुसरा उघडला, निम्मा तपासला आणि मग मान वर करून बाहेर पाहिलं.

"अहो, आपण थांबलोय का?"

"मघाशीच," मी म्हणालो.